मुद्देमालातलं तिखट

माझी सही सुंदर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या सहीने घातला. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला मी एक शेपटी काढते. ती मागे वळते, पहिल्या अक्षराखालून जाते आणि तिच्या खाली दोन टिंबं येतात. दहावीत असताना वहीच्या मागच्या पानांवर मी ही सही बसवली. दहावी झाले आणि लगेच लग्न झालं, मग सही करायला कागदच मिळेना. रेशनकार्डावर आमच्या ह्यांची सही, गॅसच्या पुस्तकावर ह्यांची, मुलाच्या प्रगतिपुस्तकावरही ह्यांचीच. माझी ती शेपटी पंचवीस-तीस वर्षं बोटांत तुंबून राहिली होती.

आम्ही तेव्हा अंबरनाथला राहायचो. हे तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर. मुलगा मोठा झाल्यावर मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये साडीला फॉल-पिको करून द्यायचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक मशीन, एक ट्यूबलाइट आणि एक पायरी. सकाळी शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी बाहेर बसून जायचं आणि संध्याकाळी तसंच परत. शेजारी एका सिंधी काकांचं पापड-लोणच्यांचं दुकान होतं आणि रस्त्यापलीकडे पोलिसांची एक छोटी चौकी. आता ती चौकी तिथे नाही, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

एके दिवशी चौकीतले हवालदार रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. गोल चेहरा, बारीक मिशी आणि बोलणं असं की साखर महाग का झाली ते कळावं.

“ताई, दोन मिनिटं येता का? पंच पाहिजे. लेडीज.”

“म्हणजे काय करायचं?”

“काही नाही. बसायचं, चहा प्यायचा, सही करायची.”

सही म्हटल्यावर मी मशीनवरची साडी तशीच टाकून उठले. चौकीत मला खुर्ची दिली. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायचे. इथे वर्दीतला माणूस उभा आणि मी खुर्चीवर. चहा कपबशीतून आला. हवालदार म्हणाले, “मॅडम, इथे.” मी शेपटी काढली, दोन टिंबं दिली. ते म्हणाले, “वा, काय सही आहे.” एवढ्यावर ती बाई खपली. ती म्हणजे तेव्हाची मी. पंचेचाळिशीची होते, अक्कल यायला पुरेसा वेळ मिळालेला होता, पण यायची काही घाई दिसत नव्हती.

मग ते नेहमीचंच झालं. पोलिसांनी झडती घेतली, काही जप्त केलं, की ते दोन तटस्थ माणसांसमोर झालं असा कागद लागतो. तो पंचनामा, आणि ती दोन माणसं म्हणजे पंच. पंचांनी तिथे हजर असायचं असतं, बघायचं असतं, मग सही करायची असते. आमच्याकडे पहिल्या दोन पायऱ्या गळाल्या. हजर राहणं आधी गळालं, कारण मला गिऱ्हाइकं होती. बघणं आपोआप गळालं. पुढे पुढे कागदच दुकानात यायला लागला, वरचा भाग कोरा आणि खाली पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. दुसरे पंच शेजारचे काका. ते गल्ल्यावरून न उठता, एका हाताने पापड मोजत सही करायचे.

मी एकदा विचारलं, “काका, तुम्ही वाचत नाही?”

“दीदी, पढ़ने बैठूंगा तो सामनेवाले बुरा मानेंगे. दुकान तो यहीं है ना.”

ते भीतीने सही करत होते आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी हौसेने करत होते. वर माझा हट्ट असा की क्रमांक एक मलाच पाहिजे. एकदा काकांनी चुकून एकवर सही केली, तर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

घरी मी हे मोठ्या दिमाखात सांगायचे. एकदा ह्यांनी जेवताना विचारलं, “काय लिहिलं होतं त्यात?”

“सरकारी असतं ते.”

“तुला दाखवलं?”

“आता पोलिसांवर काय संशय घ्यायचा?”

“आमच्याकडे माल न तपासता सही केली तर माणसाला घरी बसवतात.”

“तुमच्याकडे दारूगोळा असतो. इथे नुसता कागद.”

“नुसता कागद,” हे म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली. हे जास्त बोलत नाहीत. मी तो माझा विजय समजले.

आता जिच्यामुळे हे सगळं सांगतेय, त्या बाईबद्दल. आमच्या गल्लीच्या मागे जीन्सच्या वर्कशॉपची रांग होती. तिथे शिवून झालेल्या पँटींचे सुटे धागे कापायला बायका असायच्या. त्यातली ही एक, पंचविशीची, किडकिडीत, बोटांना निळा रंग चढलेला. नवरा जीन्स धुण्याच्या कारखान्यात. एका सकाळी त्याला कामावरून उचलून चौकीत आणलं. का, ते कोणी सांगेना. ही हातातली कात्री तशीच घेऊन धावत आली, मग वाटेत आठवण झाली असावी, कात्री तिने माझ्या दुकानात ठेवायला दिली. “काकू, जरा ठेवा, ही घेऊन आत गेले तर उगाच काहीतरी म्हणतील.” माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं.

ती आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. परत गेली, परत आली. रस्ता अरुंद, आतलं सगळं ऐकू यायचं. ती एकच वाक्य म्हणत होती, “का आणलं ते लिहून द्या.”

“लिहून?” हवालदार म्हणाले. “लग्नाची पत्रिका आहे का ही?”

“मग तोंडी सांगा.”

“साहेब आले की सांगतील.”

“साहेब कधी येणार?”

“ते साहेबांना विचार.”

मग ती माझ्या पायरीवर येऊन बसली. तिथून चौकीचं दार सरळ दिसायचं. आणि मी, पंच क्रमांक एक, तिला काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “बाई, गिऱ्हाईक अडतं, ऊठ. आणि पोलीस उगाच कोणाला आणत नाहीत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं, मी परत भांडले असते. ती नुसती उठली. शेजारच्या काकांनी तिला आतून स्टूल काढून दिलं, पाणी दिलं आणि चौकीकडे पाठ करून पापड रचत बसले. न वाचता सही करणाऱ्यांतही प्रकार असतात.

दुपारी जेवायच्या वेळी हवालदार माझ्याकडे आले.

“ताई, घरचं तिखट आहे का थोडं? आमच्याकडचं संपलं.”

चौकीत मागच्या बाजूला स्टोव्ह होता आणि दुपारी अंड्याची भुर्जी व्हायची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तिखट माझ्याकडे होतं. माझं माहेर कुळगावचं, आम्ही आगरी. आमच्याकडे नुसत्या मिरचीच्या पुडीला तिखट म्हणत नाहीत. आई दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवायची, धणे, नागकेशर, दगडफूल, बाद्यान, जायपत्री असे वीसेक जिन्नस तेलावर भाजायची आणि डंकावर उभी राहून मसाला कुटून आणायची. बरणी भरताना दर वर्षी ओरडायची, “हिंगाचा खरा टाकलास का गो? नायतं कीर लागंल.” खरा म्हणजे खडा, कीर म्हणजे कीड. हिंगाचे खडे घातले की मसाला दोन-दोन वर्षं टिकतो. त्यातली एक बरणी मी दुकानात मशीनखाली ठेवायचे, ओळखीच्या बायका मागायच्या म्हणून.

मी मासिकाचं पान फाडलं, त्यावर चार चमचे मसाला ओतला. त्याबरोबर हिंगाचा एक खडा आला. म्हटलं राहू दे, पोटाला बरा. पुडी बांधली, वरून पिकोचा राणी रंगाचा दोरा गुंडाळला आणि वर सल्ला दिला, “कांदा आधी लाल करा, मग हे घाला. नाहीतर करपतं.”

“तुमच्यासारखं माणूस नाही, ताई,” हवालदार म्हणाले.

थोड्या वेळाने ती बाई पुन्हा चौकीत शिरली. आतून तिचं तेच वाक्य आलं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दोन महिला पोलिसांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं आणि गाडीत बसवलं. तिचे हात रिकामे होते. एक चप्पल चौकीच्या पायरीवर राहिली. हे मी पाहिलं. मशीनवर बसून, मान वर करून, चांगलं पाहिलं.

संध्याकाळी कागद आला. वरचा भाग कोरा. मी सही केली आणि विचारलं, “भुर्जी कशी झाली?”

“एक नंबर,” हवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी पसरली की बाईने पोलिसांच्या डोळ्यांत तिखट टाकायचा प्रयत्न केला, सरकारी कामात अडथळा आणला. मी घरी ते रंगवून सांगितलं. “हल्ली बायकाही काही कमी नाहीत,” असंही म्हणाले. ह्यांनी विचारलं, “तू पाहिलंस?” मी म्हटलं, “मी समोरच होते.” हे म्हणाले, “ते नाही विचारलं.” मी भांडी घासायला उठले.

तुम्ही विचाराल की बाई, तुझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले नाहीत का? झाले होते. एकदा नाही, बऱ्याचदा व्हायला आले होते. तसं व्हायला लागलं की मी मशीन चालू करायचे. पिकोच्या मशीनचा आवाज मोठा असतो, त्यात बरंच काही बुडतं. तिची कात्री मात्र माझ्याकडे राहिली. त्या कात्रीने मी कितीतरी वर्षं धागे कापले, चांगली धारदार होती.

पुढे काका गेले, चौकी हलली, माझे गुडघे गेले आणि दुकानही. हे रिटायर झाले आणि आम्ही बदलापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. नातवंडं झाली. मी आता फक्त कुरियरवाल्याच्या मोबाईलवर बोटाने सही करायचे, आणि तिथे शेपटी नीट येत नाही.

अशात परवा-परवाच, म्हणजे दोनेक वर्षांपूर्वी, दारात पोलीस आला. समन्स. कोर्टात साक्षीला हजर व्हा. वॉचमनने ते आधी वाचलं, त्यामुळे मी जिना उतरायच्या आत अख्ख्या सोसायटीला कळलं होतं की तिसऱ्या मजल्यावरच्या आजींवर वॉरंट निघालंय. भाजीवालीने त्या दिवशी मला कोथिंबीर फुकट दिली. घाबरली असावी.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. तेही रिटायर झालेले, मिशी पांढरी, बोलणं तसंच गोड. हातात मिठाईचा डबा.

“ताई, ते तिखटाचं प्रकरण हो. इतक्या वर्षांनी कोर्टाच्या बोर्डावर आलंय. काही नाही, सही माझी आणि मी हजर होते, एवढं म्हणायचं.”

“आणि नव्हते म्हटलं तर?”

ते हसले. “तर ताई, खोट्या पंचनाम्यावर सही कोणी केली, हा प्रश्न येतो. मी नाही केली. सही तुमची आहे. किती सुंदर सही आहे, कोणी नाकारूच शकणार नाही.”

इतकी वर्षं मी त्या कौतुकाची वाट पाहत होते आणि ते असं आलं. मी त्यांना चहा दिला, पुऱ्या तळून घातल्या आणि म्हटलं, “बरं, म्हणते.” आजी झाले होते, केस पांढरे झाले होते, नातवंडांना खरं बोलावं असं रोज सांगत होते. आणि म्हणाले, बरं, म्हणते.

ते गेल्यावर हे म्हणाले, “मिठाई परत कर.”

“दोन तुकडे खाल्ले मी.”

“मग उरलेली कर,” हे म्हणाले.

कोर्टात गेले तर बाहेर बाकावर एक बाई बसली होती. केसांत पांढरे, मांडीवर डबा, कडेला पिशवी. तिने मला ओळखलं. मी तिला ओळखलं नाही, म्हणजे ओळखायचं टाळत होते, पण बोटांचा निळा रंग गेला नव्हता.

“तुम्ही पिको-फॉलवाल्या काकू ना?”

“हो.”

“बसा. इथे पायरी नाही, बाक आहे,” ती म्हणाली आणि सरकली.

टोमणा होता. मला तो पोचला आणि जिथे लागायचा तिथे लागला. बसले. विचारलं, नवऱ्याचं काय झालं? तर त्याला तिसऱ्या दिवशी सोडलं होतं. चुकून आणलं म्हणाले. त्याच्या नावाचा कागद कुठे नव्हताच, त्यामुळे त्याला धरलं होतं असं कुठल्याही वहीत नाही. “तो सुटला, केस माझ्याकडे राहिली,” ती म्हणाली. इतकी वर्षं ती तारखांना येत होती. प्रत्येक तारखेला कामाचा खाडा. मध्ये अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिचं नाव लागलं होतं, पण पोलिसांचा दाखला मागितला आणि तिथे अडलं. आता पुन्हा जागा निघाली होती. अर्ज भरून ठेवला होता आणि निकालावर थांबली होती.

“शिक्षा झाली तर ते गेलंच. पण त्याचं नाही एवढं,” ती म्हणाली. “मुली मोठ्या झाल्या. विचारतात, आई, तू खरंच टाकलंस का? मी नाही म्हणते. तर धाकटी म्हणते, मग कोर्ट का सोडत नाही?”

तिने डब्याचं झाकण उघडून मला चपातीचा रोल दिला. तोही मी खाल्ला. माझ्या आयुष्यात ज्यांच्याविरुद्ध मी काही केलं, त्यांचं खाणं मी कधी नाकारलेलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. न्यायाधीश बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. मागच्या बाकावर हवालदार बसले होते, मला पाहून मान हलवली. सरकारी वकिलांनी कागद पुढे केला.

“ही सही तुमची?”

पिवळ्या पडलेल्या कागदावर माझी शेपटी अजून ऐटीत होती. “हो,” मी म्हणाले.

“तुमच्यासमोर आरोपीच्या उजव्या हातातून एक पुडी जप्त करण्यात आली.” वकील कागद वाचत होते. आता फक्त हो म्हणायचं होतं आणि ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण वकिलांना पूर्ण वाचायची शिस्त. “पुडीमध्ये मळकट लाल रंगाची, जुनाट, हलक्या प्रतीची मिरची पूड.”

जिभेवरचं हो तिथेच थांबलं.

लाखेचं सील असलेलं पाकीट फोडलं. आत मासिकाच्या पानाची पुडी, वर राणी रंगाचा दोरा. विटला होता, पण गाठ माझी होती, दुहेरी, म्हणजे भुर्जीसाठी ती सुटलीच नव्हती. कारकुनाने पुडी उघडली आणि वास आला. इतक्या वर्षांचा शिळा, बसका वास, पण त्याच्या मागून अजून एक वास सरळ चालत आला. मसाल्याचा लगदा झाला होता, त्यात तो खडा तसाच्या तसा बसला होता. कीड लागली नव्हती. आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

“हा मुद्देमाल तुम्ही ओळखता का?”

“ओळखते,” मी म्हणाले. “पण हलक्या प्रतीचा नाही, साहेब. वीस जिन्नस आहेत.”

सरकारी वकील म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे ही मिरची पूड नाही, मसाला आहे. माझ्या आईचा. डंकावर कुटलेला. त्यात तो हिंगाचा खडा बघा. डोळ्यांत टाकायच्या तिखटात हिंगाचा खडा कोण घालतं? तो कीड लागू नये म्हणून असतो.”

न्यायाधीश बाईंनी पुडी जवळ मागवली, पाहिली आणि किंचित वास घेतला. त्यांच्याही घरी हिंगाचे खडे घालत असावेत, कारण त्या मागे टेकल्या आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागल्या.

“हा मसाला आरोपीकडे कसा आला?”

आता हे खरं अवघड होतं. मसाल्याचा अपमान झाला म्हणून मी बोलून गेले होते, त्यात शूरपणा काही नव्हता. इथून मागे फिरता आलं असतं. म्हटलं असतं, विकायचे मी मसाला, तिने घेतला असेल. मागच्या बाकावरून हवालदार माझ्याकडे बघत होते, तेही तेच म्हणत असावेत मनातल्या मनात. मी त्या बाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती कारकुनाच्या हातातल्या दोऱ्याकडे बघत होती.

“तिच्याकडे नव्हताच आला,” मी म्हणाले. “तो मी हवालदारसाहेबांना दिला. भुर्जीसाठी.”

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत.

“आणि पंचनामा?”

“सही केली तेव्हा कोरा होता. मी तिथे नव्हते. त्याच्या आधी केलेल्यांपैकी पुष्कळ कोरे होते.”

“तुम्ही शपथेवर बोलताय. यातून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते, हे कळतंय ना?”

“कळतंय. तेव्हा कळत नव्हतं.” मग मला वाटलं, शपथेवर आहे तर नीट बोलावं. “म्हणजे तेव्हाही थोडं कळत होतं.”

सरकारी वकिलांनी मला फितूर साक्षीदार म्हणून जाहीर करायची परवानगी मागितली. इतकी वर्षं पोलिसांसाठी इमानाने खोटं वागले तेव्हा मी तटस्थ पंच होते, आणि एकदा खरं बोलले तर फितूर. आरोपीच्या बाजूचा वकील सरकारनेच दिलेला, कोट खांद्यातून उतरणारा, सकाळपासून गप्प बसलेला. त्याने एकच प्रश्न विचारला.

“तुमचं दुकान समोर होतं. आरोपीला बाहेर आणलं तेव्हा तिच्या हातात काय होतं?”

“काही नव्हतं. कात्रीसुद्धा नव्हती, ती माझ्याकडे होती. ती नुसती म्हणत होती, का आणलं ते लिहून द्या.”

“हे तुम्ही याआधी कोणाला का सांगितलं नाही?” न्यायाधीश बाईंनी विचारलं.

“मला कोणी विचारलंच नाही, साहेब. सही मागितली, ती दिली.”

साक्ष संपली. कारकुनाने टाइप केलेले कागद माझ्यापुढे सरकवले. “आजी, इथे, इथे आणि इथे.” मी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“काय झालं?”

“वाचते.”

“अहो, तुम्हीच बोललात तेच आहे.”

“बघते ना मीच बोलले का ते.”

चार पानं होती. मी ओळीवर बोट ठेवून वाचली. पुढच्या प्रकरणाचे वकील घड्याळं बघायला लागले. तिसऱ्या पानावर मी थांबले. “इथे मिरची पूड लिहिलंय. मी मसाला म्हणाले.”

कारकुनाने न्यायाधीश बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “दुरुस्त करा.”

मग मी सही केली, शेपटीसकट, टिंबांसकट. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा वाचलेल्या कागदावर फिरली होती. बाहेर आले तर हवालदार निघून गेले होते. उरलेल्या मिठाईचा डबा परत द्यायला आणला होता, तो हातात राहिला.

काही महिन्यांनी निकाल लागला. ती निर्दोष सुटली. निकालपत्र तिने मला मोबाईलवर पाठवलं आणि मी तेही पूर्ण वाचलं. त्यात शेवटी एक ओळ होती, मुद्देमाल निरुपयोगी असल्याने त्याचा नाश करण्यात यावा. म्हणजे माझ्या आईच्या मसाल्याचा सरकारी हुकमाने नाश झाला. हवालदारांबद्दल काय करावं, याची ओळ मी दोनदा शोधली. चष्मा बदलूनही शोधली. माझ्याबद्दलही नव्हती. ज्या दुसऱ्या कोऱ्या कागदांवर माझी शेपटी आहे, ते कुठे, कोणाच्या नावावर भरले गेले, ते मला माहीत नाही. मुलाला सांगून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, संबंधित चौकी अस्तित्वात नाही. दुसरा अर्ज टाकला आहे. पोचपावती वाचूनच घेतली.

ती परवा बदलापूरला आली होती. अंगणवाडीत लागली, ते सांगायला. मी तिची कात्री कपाटातून काढून दिली. तिने ती उघडून-मिटून पाहिली. “तुम्ही वापरली की काय?”

“रोज.”

“धार गेली.”

“आणून देते लावून.”

“राहू दे. आता पोरांचे रंगीत कागद कापायचे असतात, चालेल.”

निघताना तिने मसाला मागितला. आता तो मीच करते, आईइतका जमत नाही, पण हिंग विसरत नाही. मी बरणी उघडली आणि सवयीने कालच्या पेपरचं पान फाडलं. तिने माझा हात धरला.

“पुडीत नको, काकू,” ती म्हणाली आणि पिशवीतून झाकणाचा स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.